दमावंदची उरलेली जागा

दबीरीसाहेबांची पांढरी गाडी आमच्या गाडीच्या मागे उभी असते, आणि त्यांची हलल्याशिवाय आमची हलत नाही. आमच्या इमारतीचं तळघर ज्याने आखलं तो माणूस बुद्धिबळाचा शौकीन असावा. पुढचं मोहरं काढायचं तर आधी मागचं उचलावं लागतं. तेहरानमध्ये अशी तळघरं गल्लोगल्ली आहेत आणि त्यातून लोक रोज कामावर पोचतात, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही. पण माझा बेत मागच्या गाडीने गिळावा, हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी निदान गाडी नसलेला नवरा पाहिला असता.

बेत साधा होता. शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुटीच्या दिवशी, सकाळी मी आणि फरंगीस, दोघीच, शहराला लागून असलेल्या डोंगरात दराकेच्या वाटेने वरच्या दगडी निवाऱ्यापर्यंत चढायचं आणि संध्याकाळी खाली यायचं. फरंगीस माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. आठवडाभर माणसांच्या आत काय काय असतं ते पाहिल्यावर शुक्रवारी तिला माणसं बाहेरूनही बघवत नाहीत, म्हणून ती डोंगरावर जाते. पूर्वी मीही जायची. मग तरलान झाली, आणि माझी चढाई पाळण्यापासून गॅसपर्यंत आणि गॅसपासून पाळण्यापर्यंत उरली.

निवाऱ्यापर्यंतच का, तर तिथे मेहराबी बसतात. मेहराबी म्हणजे फरंगीसच्या गिर्यारोहण गटाचे प्रमुख. पांढरी दाढी, कमी बोलणं, आणि जगातल्या सगळ्या माणसांबद्दल एकच प्रश्न: हा चढेल का. त्यांचा गट या उन्हाळ्यात दमावंदवर, देशातल्या सगळ्यात उंच शिखरावर, जाणार होता आणि त्यात एकच जागा उरली होती. फरंगीसने माझं नाव सुचवलं. मेहराबी म्हणाले, "नाव नको, बाई आण. शुक्रवारी वर येऊ दे. श्वास ऐकतो आणि सांगतो." दुपारच्या जेवणापर्यंत ते निवाऱ्यात असतात, मग पलीकडच्या उतारावरून निघून जातात. त्या शुक्रवारी ते जागा भरणार होते.

वारा सुटून शहरावरचा धूर गेला की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दमावंद दिसतो. पांढरा, एकटा, कुणाचंही काही देणं नसल्यासारखा. मी दुधाच्या बाटल्या घासत असते आणि तो समोर बसलेला असतो. माझ्या पोरीवर माझा जीव आहे, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण आईने 'डोंगर' शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पोरीची काळजी दाटून येते. पोरीच्या मानेच्या वळीत नाक खुपसून मी कितीही वेळ बसू शकते. पण तिथे बसल्या बसल्याही खिडकी दिसते, याला मी काय करणार?

बेताची बातमी फुटायला वेळ लागला नाही. जिन्यात दबीरीसाहेबांच्या पत्नी अख्तरखानूम भेटल्या. म्हणाल्या, "डोंगरावरचा वारा लागला की आईचं दूध फाटतं, पोरी. माझ्या मावसबहिणीचं फाटलं होतं." मावसबहीण डोंगरावर गेली होती का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नाही, पण वारा लागला होता." रोटीच्या भट्टीपुढच्या रांगेत एका अनोळखी बाईने मला बाळंतिणीने वाकू नये असं बजावलं. मी म्हटलं, मी वाकणार नाही, चढणार आहे. ती म्हणाली, "उतरताना वाकावं लागतंच." सासूबाई फोनवर काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आणि सियामक काय जेवेल?" सियामक म्हणजे माझा नवरा, त्यांचा मुलगा. स्वतःच्या हाताने जेवतो.

गटात जायचं तर गिर्यारोहणाचा विमा लागतो. विम्याच्या कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी माझ्या कडेवरच्या तरलानकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला आणायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दाखला कशासाठी ते कळायला आधी विम्याचं पत्र हवं. मी परत गेले. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, पत्र दाखल्याशिवाय निघत नाही. त्या दोघांची मी एकदा फोनवर गाठ घालून दिली. त्यांचं फार छान जमलं, एकमेकांच्या तब्येती विचारून झाल्या, आणि दोघांनीही मला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. शेवटी विमा मिळाला. त्यावरच्या फोटोत मी अशी दिसते, की कुणीही मला कड्यावरून ढकलून भरपाई मागितली तर विमावाल्यांना नवल वाटू नये.

इतकं सगळं पार करून मी गुरुवारी संध्याकाळी दबीरींचं दार वाजवलं. विचारायचं एकच होतं: उद्या सकाळी तुमची गाडी बाहेर रस्त्यावर लावाल का? पण आमच्याकडे असं वाक्य नुसतं उचलून समोरच्यापुढे ठेवता येत नाही. आधी चहा प्यावा लागतो. मग काकडी सोलावी लागते. मग अख्तरखानूमच्या गुडघ्याचं, त्यांच्या जर्मनीतल्या मुलाचं आणि गच्चीवरच्या गळक्या टाकीचं विचारावं लागतं. तोवर दबीरीसाहेबांनीच विचारलं,

"मग उद्या कुठे स्वारी?"

"दराकेला. मैत्रिणीबरोबर. जरा पाय मोकळे करायला."

आता इथे रिवाज असा आहे. बाहेर जाण्याचा विषय निघाला की समोरच्याला 'तुम्हीही चला ना' म्हणावंच लागतं. न म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. समोरच्याने म्हणायचं, छे, तुम्हाला कशाला त्रास. आपण पुन्हा म्हणायचं, त्याने पुन्हा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर मात्र ते खरं बोलावणं. शहाणी माणसं दोनदा विचारतात आणि थांबतात. याला आम्ही तआरुफ म्हणतो. आमची मुलं ते बोलायच्या आधी शिकतात. तरलानसुद्धा तोंडातला ओला बिस्किटाचा तुकडा काढून आधी मला देऊ करते, आणि मी मान हलवली की समाधानाने स्वतः खाते. असला सभ्य माणूस आमच्या इमारतीत दुसरा नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

"तुम्हीही चला ना," मी म्हणाले.

"छे, छे. तुम्हा तरुण मुलींमध्ये आम्ही म्हातारे कशाला?"

"असं कसं? तुमच्यासारखं कुणी बरोबर असलं की वाट कशी सोपी होते."

हे मी जरा जास्तच बोलले, पण दुसरा आग्रह पहिल्याहून वरचा लागतो. मी सुरी ठेवली आणि दुसऱ्या नकाराची वाट बघत बसले. दबीरीसाहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"अख्तर, हवा बदलली तर तुझ्या गुडघ्यालाही बरं वाटेल, नाही?"

"मी कोंबडी केशरात भिजत घालते," अख्तरखानूम म्हणाल्या आणि उठल्यासुद्धा.

दुसऱ्या खेपेला होकार देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. सियामकने नंतर सांगितलं, की दबीरीसाहेब निवृत्तीपर्यंत करवसुलीत होते. समोर आलेलं परत जाऊ द्यायची त्यांच्या हाताला सवयच नाही.

गाडीचा प्रश्न मात्र सुटला.

सियामक सोफ्यावर तरलानला पोटावर घेऊन पडला होता. शुक्रवारी तो तिला सांभाळणार असं ठरलं होतं, आणि त्यासाठी तो आठवडाभर मानसिक तयारी करत होता. माझं ऐकून तो उठून बसला.

"दबीरीसाहेब येणार आणि मी घरी बसणार? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?"

"दबीरीसाहेब."

"आणि तरलान?"

"तिलाही बघू दे की डोंगर. तू वर जाऊन ये, आम्ही खाली ओढ्याकाठी बसतो. उलट बरं, भूक लागली तर तू जवळ." त्याने हे इतक्या प्रेमाने सांगितलं, की मला भांडायला जागाच सापडेना. सियामकचं हे नेहमीचंच. त्याच्याशी भांडायला आधी त्याला वाईट ठरवावं लागतं, आणि तेवढा वेळ माझ्याकडे नसतो.

फरंगीसला फोन केला. 

"ठरलं काय होतं?" तिने विचारलं.

"दोघी."

"मग?"

"चढणार आपण दोघीच. बाकीचे खाली बसतील."

"नस्तरन, मेहराबी पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबणार नाहीत. त्यांच्याकडे अजून एकाचं नाव आहे."

"मी वर येणार आहे, फरंगीस."

"तू येशील गं. तुझ्याबरोबर काय काय येईल तेवढंच बघायचं."

शुक्रवारी पहाटे लिफ्टपाशी पहिली चकमक झाली. आमच्या लिफ्टमध्ये बेताची माणसं मावतात. दार उघडलं. दबीरीसाहेब सियामकला म्हणाले, आधी तुम्ही. सियामक म्हणाला, अशक्य, आधी तुम्ही. अख्तरखानूम म्हणाल्या, आधी बाळाची आई. बाळाच्या आईने म्हटलं, तुमच्याआधी मी पाऊल टाकलं तर माझे पाय झडतील. तेवढ्यात दार लागलं आणि लिफ्ट रिकामीच वर निघून गेली. ती खाली आली तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचा एक माणूस होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, 'माफ करा, मला घाई आहे' म्हटलं आणि दार लावून घेतलं. असला उद्धटपणा आमच्यातल्या एकालाही जमत नव्हता, आणि मला त्या क्षणी त्या माणसाचा फार हेवा वाटला.

मग सामान उतरवलं. सतरंजी, गॅसची शेगडी, चहाची किटली, कोंबडीचं पातेलं, सळया, कोळसा, एक अखंड कलिंगड आणि दबीरीसाहेबांची घडीची खुर्ची. दराकेच्या चौकात आम्ही पोचलो तेव्हा फरंगीस भिंतीला टेकून उभी होती. पाठीवर छोटी पिशवी, हातात एक काठी. तिने गाडीतून कलिंगड उतरताना पाहिलं.

"मी तुला बोलावलं होतं," ती माझ्या कानात म्हणाली, "तू बाजार घेऊन आलीस." मग मोठ्याने, लाघवी आवाजात, "या, या, अख्तरखानूम, केवढा आनंद झाला."

दराकेची वाट ओढ्याच्या काठाने, चहाच्या दुकानांमधून चढत जाते. शुक्रवारी निम्मं शहर तिच्यावर असतं, आणि समोरून येणाऱ्याला 'थकू नका' म्हणायची पद्धत आहे. येणारा 'तुम्हीही थकू नका' म्हणतो आणि दोघं आपापल्या वाटेने थकायला मोकळे होतात. दबीरीसाहेबांना हे पुरेसं वाटत नव्हतं. ते प्रत्येकाला थांबवून विचारत: कुठून आलात, वर थंडी आहे का, गुडघे कसे आहेत. लोकही थांबत, कारण म्हाताऱ्या माणसाला ओलांडून जाणं बरं दिसत नाही. त्यांच्यामागे आम्ही थांबत होतो, आमच्यामागे आणखी लोक. सकाळचं ऊन कड्यावरून खाली वाटेवर उतरलं तेव्हा आम्ही जेमतेम शेवटच्या दुकानापाशी आलो होतो.

तिथे अख्तरखानूमच्या गुडघ्याने संप केला. ओढ्याकाठी अक्रोडाच्या झाडाखाली सतरंजी पसरली. मी तरलानला पाजलं, तिचा लंगोट बदलला, तिला सियामकच्या मांडीवर ठेवलं आणि बुटाच्या नाड्या आवळल्या.

"जा, जा, पोरी," अख्तरखानूम म्हणाल्या. "आमची मुळीच काळजी करू नकोस. मी एकटी कापीन सगळं."

या वाक्याचा अर्थ फरंगीसला कळत नाही असं नाही, ती तो न कळल्याचं सोंग घेऊ शकते. मला ते सोंग येत नाही. मी बसले आणि काकड्या कापल्या. मग टोमॅटो. मग अख्तरखानूम म्हणाल्या, "अगं जा ना, कांदा काय, मी रडत रडत चिरीन." मी कांदाही चिरला. फरंगीस उभीच होती. तिने वाकून माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि ती सियामकच्या हातात ठेवली.

"सियामकजान, तुझ्या हाताला चव आहे म्हणे," ती म्हणाली, आणि मला दंडाला धरून उठवलं.

मागून अख्तरखानूमचा आवाज आला. "जाऊ दे हो. डोंगर कुठे पळून चाललेत? मुलं काय, मोठी होतात आणि पळून जातात."

जर्मनीतला मुलगा दोन सणांना फोन करतो, हे मला माहीत होतं. त्यामुळे या टोमण्यावर रागावण्याची सोयही माझ्याकडे नव्हती.

पण पुढे जे झालं ते कुणालाही माझ्याकडून परत घेता येणार नाही. दुकानं संपली, सतरंज्या संपल्या, वाट अरुंद आणि खडी झाली, आणि माझे पाय मला न विचारता चालू लागले. मला वाटलं होतं धाप लागेल. नाही लागली. श्वास एका लयीत आत-बाहेर होत होता, जणू तो इतके दिवस कुठेतरी टांगून ठेवला होता आणि आत्ता अंगात घातल्यावर मापाचा निघाला. फरंगीस पुढे होती. तिने वळून पाहिलं नाही, फक्त वेग वाढवला. मीही वाढवला. तिने आणखी वाढवला.

"मेहराबींना तुझं तोंडही बघावं लागणार नाही," ती पुढूनच म्हणाली. "दारामागून ऐकूनच घेतील."

मी हसले.  एका वळणावर वर निवाऱ्याचं पत्र्याचं छप्पर चमकलं.

त्याच वळणावर मागून दोर खांद्यावर घेतलेला एक तरुण आला. "थकू नका. तुमच्यात नस्तरनखानूम कोण? खाली निरोप आहे, तुमचं बाळ रडतंय."

"बाळं रडतातच," फरंगीस म्हणाली. "आभारी आहोत."

आम्ही चालत राहिलो. फोनला तिथे रेंज नव्हती. थोड्या वेळाने दोन बायका आम्हाला गाठत आल्या, केवळ निरोपासाठी पाय उचलून. "ती आई तुम्हीच ना? लेकराचा घसा बसलाय म्हणे रडून." त्यांच्यामागून खेचरावर निवाऱ्याचं सामान नेणारा माणूस आला. त्याने खेचर थांबवलं. "बाई, ताप चढलाय म्हणतात पोरीला." वरून उतरणाऱ्या एका आजोबांना तर त्याने माझ्यासमोरच सगळं सांगितलं, आणि आजोबांनी काठी रोवून मला विचारलं, "आणि तुम्ही अजून वर चाललात?"

आता वाटेवर थांबलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. कुणी वाईट नजरेने नाही. सगळे माझ्यासाठी बाजूला सरून उभे राहिले होते, उतरायला वाट मोकळी करून.

"हे खोटं आहे," फरंगीस हळू आवाजात म्हणाली. "असला नमुना माझ्याकडे आला असता तर मी फेकून दिला असता. इतक्या हातांतून आलेल्या रक्ताचा अहवाल कुणी देत नाही."

"मला माहीत आहे खोटं आहे."

"मग वर चल."

"डोक्याला माहीत आहे गं. छातीला कुणी सांगायचं?" दूध उतरून माझा सदरा भिजायला लागला होता. "तू जा. त्यांना सांग मी वळणापर्यंत आले होते."

"माझ्या सांगण्यावर ते घेणार नाहीत. मी इथे बसते. तू ये परत." ती दगडावर बसली आणि काठी आडवी मांडीवर घेतली. "ये मात्र."

मी उतरले, म्हणजे घसरत, धावत, एकदा बसून. सतरंजीपाशी पोचले तेव्हा तरलान दबीरीसाहेबांच्या मांडीवर बसून कलिंगडाची साल चोखत होती. हनुवटीपासून पोटापर्यंत लाल. मला पाहून ती हसली, आणि साल माझ्यापुढे केली.

"रडली होती हो," सियामक अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "तू गेलीस तेव्हा. थोडीशीच."

"पण मी लगेच दगडावर उभं राहून निरोप पाठवला," दबीरीसाहेब म्हणाले. "पाहिलंत, फोन चालत नाही, पण आपली माणसं चालतात. याला म्हणतात संस्कृती."

आईचा वास आल्याबरोबर तरलानला भूक आठवली. मी झाडाच्या आडोशाला बसले. तिने दोन्ही मुठींनी माझी ओढणी पकडली आणि डोळे मिटले. तिच्या केसांना कोळशाचा आणि कलिंगडाचा वास येत होता. इतकी गोड ती त्या क्षणी होती, की तिच्यावर चिडायला मी तिला आधी मांडीवरून खाली ठेवायला हवं होतं.

सियामक येऊन उकिडवा बसला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "असं करू. तू हिला निवांत पाज. मी पुढे जातो, फरंगीसला घेऊन मेहराबींना गाठतो आणि सांगतो, माझी बायको येतेय, जागा देऊन टाकू नका. तू मागून ये."

"तू चढशील?"

"तुझ्यासाठी चढेन," तो म्हणाला आणि गेला. तो गेला तेव्हा माझ्या मनात त्याच्याबद्दल जेवढी माया दाटून आली, तेवढी लग्नातही आली नव्हती.

तरलान पिऊन झोपली. उठवली तर पुन्हा रडणार आणि पुन्हा निरोप फिरणार. कोळसे पेटले, कोंबडी झाली, दबीरीसाहेबांनी मला सगळ्यात मोठी सळई वाढली, मी नको म्हटलं, त्यांनी ती स्वतःच्या ताटात घेतली. जेवून ते खुर्चीत घोरू लागले. अख्तरखानूम माझ्याजवळ सरकल्या. बराच वेळ त्या माझ्या बुटांकडे बघत होत्या. मग त्यांनी पिशवीतून आपली चादर काढली.

"पाठीला बांध तिला," त्या म्हणाल्या. "आम्ही गावाकडे असंच न्यायचो. शेतावर काय, डोंगरावर काय, पोर झोपून राहतं. थांब, गाठ मी मारते. तुझी सुटेल."

त्यांनी गाठ मारली, आणि मी तरलानला पाठीवर घेऊन निघाले. या खेपेला वाटेवर सगळे मला ओळखत होते. "मिळालं का बाळ? थकू नका." "ताप उतरला का?" मी कुणाला उत्तर दिलं नाही. उद्धटपणा तसा लवकर येतो, फक्त कुणीतरी पाठीवर गाढ झोपलेलं असावं लागतं. ओझ्यासकट माझा श्वास मघासारखाच चालत होता. तरलानचा उबदार गाल मानेला लागला होता आणि तिचा श्वास माझ्या श्वासामध्ये अधूनमधून आपलं टिंब देत होता. मी मनात वाक्य जुळवत होते, मेहराबींना काय म्हणायचं. काहीच म्हणायचं नाही, असं ठरवलं. नुसतं त्यांच्यापुढे उभं राहायचं, दोघींनी, आणि ऐकू द्यायचं.

वळण ओलांडून मी छपराच्या चांगलीच जवळ गेले होते, तेव्हा ते दोघं उतरताना दिसले. सियामक पुढे. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, आणि असा आनंद, जो मी तरलान झाली त्या दिवशी पाहिला होता. फरंगीस त्याच्यामागे बरीच लांब, जमिनीकडे बघत येत होती.

"निघून गेले का?" मी विचारलं.

"हो, आत्ताच. पण ऐक तर," सियामक म्हणाला. "मी धापा टाकत आत गेलो, म्हटलं बायकोसाठी आलोय. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, बायकोसाठी जो एवढा धावत येतो तो दमावंदवर कुणाला मागे टाकणार नाही. म्हणाले, आई झालेल्या बाईला कशाला ओढायचं, तूच चल."

"मग?"

"मग काय. म्हटलं, येतो."

हा माणूस पाहुणा म्हणून गेला की पाणीसुद्धा तिसऱ्या आग्रहाला घेतो. स्वतःच्या आईकडे दुसरी पोळी मागायला लाजतो. त्याला आयुष्यात एकच गोष्ट पहिल्याच विचारण्याला घेता आली, आणि ती माझी होती.

"विमा?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"म्हणाले, कागद काय, होतात."

फरंगीस येऊन थांबली. तिने माझ्या पाठीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्या छातीकडे, जी अगदी शांत वर-खाली होत होती. 

सियामकच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. तो वाईट नाही, हे मी मघापासून सांगतेय. त्याने माझा हात धरला.

"नस्तरन, खरं तर जागा तुझी आहे," तो म्हणाला. "तूच जा. मी मेहराबींना फोन करून सांगतो."

वाटेवरची दोन-तीन माणसं आमच्यासाठी थबकली होती. माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते मी बोलले नाही. ते माझ्या आईने, तिच्या आईने, अख्ख्या शहराने माझ्या तोंडात ठेवलेलं होतं.

"छे, असं कसं? तुला बोलावलंय. तूच जा."

आणि मी थांबले. आता तो म्हणणार होता, नाही, तूच जायला हवंस. मग मी दुसऱ्यांदा नाही म्हणणार होते, जरा कमी आवाजात. मग तो तिसऱ्यांदा विचारणार होता, आणि मी म्हणणार होते, बरं, तू म्हणतोस तर. सगळं तयार होतं. दुसरा नकार जिभेवर होता, आणि त्याच्या मागे होकार उभा होता, बूट घालून.

सियामकने माझा हात दाबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तुझ्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं," तो म्हणाला, आणि पाठीवरच्या तरलानचा पापा घेऊन तो भरभर खाली उतरू लागला, कारण त्याला भूक लागली होती.